‘काहीच येत नाही’मधला ‘च’

शहादा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेतल्या तरुण शिक्षकांनी विचारलंय: दहावीच्या वर्गात ५४ मुलं, निम्मी वसतिगृहातली. पूर्वपरीक्षा नुकतीच झाली. एक मुलगी वर्षभर फळ्यावर येऊन गणितं सोडवायची, तिला भूमितीत ४० पैकी ९ पडले. म्हणते, पेपर हातात आला आणि सगळं कोरं झालं. एक मुलगा ‘मी नापासच होणार’ म्हणून पुस्तकं मिटून बसलाय. चार-पाच जण पेपरच्या दिवशी पोटात दुखतं म्हणून येतच नाहीत. शाळेत समुपदेशक नाही. मी रोज परिपाठात सकारात्मक विचार करायला सांगतो, फरक शून्य. मॅडम, काय करू?

सर, सगळ्यात आधी परिपाठातलं ते सांगणं बंद करा. वाईट वाटून घेऊ नका, मीही कितीतरी वर्षं तेच सांगत होते. वैद्यबुवांची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. पुडी देताना बजावतात, औषध घेताना माकड मनात आणू नकोस, नाहीतर गुण येणार नाही. त्या बिचाऱ्याच्या मनात जन्मात माकड आलं नव्हतं. आता पुडी उघडली की माकड हजर. ‘नापास होण्याचा विचार करू नको’ हे त्याच जातीचं वाक्य. शिवाय जिला ४० पैकी ९ पडलेत तिला तुम्ही ‘तुला छान गुण पडतील बघ’ म्हणालात, तर तिला एवढंच कळतं की सरांनी माझा पेपर नीट पाहिलेला नाही. पुढच्या वेळी ती तुमच्याजवळ बोलत नाही.

मी आधी २१ वर्षं गणित शिकवलं, समुपदेशन त्यानंतर शिकले. त्यामुळं माझं म्हणणं थोडं मास्तरकी वाटेल. भीती घालवायच्या मागे लागू नका. भीतीपायी मूल जिथून जिथून पळतं, ते पळणं बंद करायच्या मागे लागा. भीती बऱ्याचदा मागाहून उतरते. नाही उतरली तरी धडधडत्या छातीनं पेपर लिहिता येतो, तो हजारो मुलं लिहितात.

पण त्याआधी निवड करायला हवी, कारण घाबरलेली मुलं वरून सगळी सारखीच दिसतात. त्या मुलीला तोच भूमितीचा पेपर पुन्हा द्या. घड्याळ नाही, गुण नाहीत, बाकही नाही. मैदानातल्या निंबाखाली बसवा. तिनं ४० पैकी २५-३० चं सोडवलं तर तिला येतंय आणि परीक्षेत निसटतंय. तिथंही ९-१० वरच अडली, तर प्रश्न वेगळा आहे. माझी एक चूक सांगते. धुळ्यातल्या एका मुलाला मी महिनाभर श्वासाचे व्यायाम करायला लावले. मुलगा गुणी, रोज करायचा. मग एके दिवशी सहज त्याची वही चाळली, तर त्याला अपूर्णांकांची बेरीजच येत नव्हती, सातवीपासून. त्याची भीती बरोबर होती. परिस्थिती माझ्यापेक्षा त्या भीतीलाच नीट कळली होती. त्याला पंधरा दिवस शेजारी बसून लसावि शिकवणारं माणूस हवं होतं. मी तर गणिताचीच बाई, तरी माझ्या लक्षात यायला महिना लागला.

तिसरा गट असा, की त्याला पेपराची भीती नसतेच. पेपरानंतर जे घडणार आहे त्याची असते. त्याबद्दल पुढं.

कोरं होणं म्हणजे काय, ते मुलांना समजावून सांगितलंत तर निम्मं काम होतं. गणित करताना आकडे, सूत्र, पुढची पायरी हे सगळं आपण थोडा वेळ मनात धरून ठेवतो. ती जागा फार लहान असते, घरातल्या ओट्यासारखी. पाहुणे आले आणि त्यांच्या पिशव्या ओट्यावर मांडल्या, तर भाकरी थापायची कुठं? ‘बाबा काय म्हणतील’, ‘शेजारचीनं पुरवणी मागितली वाटतं’, ‘पंधरा मिनिटं गेली’ या त्या पिशव्या. पीठ डब्यात जसंच्या तसं असतं. म्हणून तर पेपर देऊन बाहेर आलं की पाचव्या मिनिटाला सगळं आठवतं आणि मूल आणखी रडतं. पाठांतराच्या विषयापेक्षा गणितात हे जास्त का होतं, तेही यावरून कळेल: गणिताला ओटा मोठा लागतो.

थोडी भीती उपयोगाची असते, हे यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ मध्ये दाखवलं, असं शिबिरांतून सांगतात. तो प्रयोग उंदरांवरचा होता, विजेचे झटके देऊन केलेला. दहावीच्या मुलाला किती ताण बरा, याचं माप त्यातून निघत नाही. पण अनुभव तुमचाही असेल, ज्याला अजिबात धाकधूक नाही तो पहिल्याच पानावर चिन्हांच्या तीन चुका करतो. म्हणून ‘घाबरू नको’ म्हणण्यापेक्षा ‘छाती धडधडतेय? धडधडू दे, अंग कामाला लागलंय’ असं म्हणा. ते खरंही आहे.

आता तो मुलगा, ‘नापासच होणार’ वाला. त्याच्या मनातलं वाक्य त्याच्याच बोलीत, त्याच्याच हातानं कागदावर उतरवून घ्या. तुमच्याकडं कोणी अहिराणी बोलत असेल, कोणी गुजरी, कोणी भिली, कोणी पावरी. ‘माझ्यात आत्मविश्वासाचा अभाव आहे’ असं कुठलंही मूल रात्री अंथरुणात म्हणत नाही, ते वाक्य आपण त्याच्या तोंडी घालतो. ते म्हणतं, ‘माले काहीच येत नही.’ हेच लिहायला सांगा. प्रमाण मराठीत लिहून मागितलंत की वाक्याचा डंख जातो आणि मूल तुम्हाला आवडेल असं काहीतरी लिहून देतं.

मग त्या वाक्यातला ‘च’ शोधायचा आणि लाल पेनानं त्याला गोल करायचा. काहीच, नापासच, सगळंच, कधीच, झालंच पाहिजे. अल्बर्ट एलिस नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात एक उपचारपद्धती उभी केली, मराठीत तिला विवेकनिष्ठ म्हणतात. घटनेपेक्षा घटनेबद्दलचा आपला हट्ट आपल्याला जास्त छळतो, असं त्यांचं म्हणणं: असंच व्हायला हवं, नाहीतर सगळं संपलं. हा हट्ट दाखवायला त्यांना पानंच्या पानं लिहावी लागली. आपल्या भाषेत तो एका अक्षरात बसतो. वर्गात मी फळ्यावर नुसता मोठा ‘च’ काढते, मुलं हसतात, आणि आठवडाभरात एकमेकांना पकडायला लागतात: ‘ए, च आला बघ!’

गोल केल्यावर त्या वाक्याची तपासणी. ‘काहीच येत नाही’ हे विधान आहे, विधान असेल तर ते पडताळता येतं, प्रमेयासारखंच. पूर्वपरीक्षेचे पेपर समोर ठेवा आणि पान उभं दुमडून एका बाजूला ‘येतं’, दुसऱ्या बाजूला ‘येत नाही’ असं त्यालाच लिहू द्या. इथं एक सांभाळा: तुम्ही त्याचे वकील होऊ नका. ‘अरे, पण तुला मराठीत तर ४३ आहेत’ असं तुम्ही म्हणालात की तो लगेच विरुद्ध पक्षात जाऊन बसतो. गप्प बसा. तो लिहील. शेवटी जुन्या वाक्याखाली नवं वाक्य लिहायचं, आणि त्याची अट एकच, ते खरं असलं पाहिजे. गोड असायची गरज नाही. एका मुलानं लिहिलेलं नमुन्यादाखल देते: ‘गणित आणि इंग्रजी राहिलं. वर्गसमीकरणं येतात, सांख्यिकी येते, अंकगणिती श्रेढी अर्धी येते. त्रिकोणमिती येत नाही. पाच आठवडे आहेत.’ हे वाचून कोणाला उत्साहाचं भरतं येणार नाही. पण यातून उद्या सकाळी काय करायचं ते कळतं, ‘मी करू शकतो’मधून कळत नाही.

‘आणि झालोच नापास तर?’ हा प्रश्न येणारच. तो दडपू नका, शेवटापर्यंत जाऊ द्या. मुलांच्या मनात नापास या शब्दापुढं सरळ सुरतची मजुरी असते, मधलं काही नसतं. मधलं त्यांना सांगा: जून-जुलैत पुरवणी परीक्षा होते, आणि एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. हे ऐकून मुलं ढिली पडतील, अशी भीती मुख्याध्यापकांना वाटते. माझा अनुभव उलट आहे. खाली जाळी आहे हे कळल्यावर मूल दोरीवर पाय ठेवतं. ‘मला ९० टक्के पडलेच पाहिजेत’ म्हणणाऱ्या पहिल्या बाकावरच्या मुलीलाही हाच व्यायाम द्या. तिचा ‘च’ जास्त सुशिक्षित असतो, म्हणून कोणाच्या नजरेत येत नाही.

आता पोटदुखी. ती खोटी नसते, एवढं आधी मान्य करा. मुलाला खरंच कळा येतात. पेपरच्या दिवशी आई म्हणते, राहू दे आज. अकरा वाजून जातात, पोट थांबतं. शरीरानं धडा घेतला: न गेलं की बरं वाटतं. पुढच्या पेपरला कळा जास्त जोरात येतात. यावर रागावणं निरुपयोगी आणि सूट देणं घातक. मी पायऱ्या लावते. पहिल्या दिवशी फक्त यायचं, बाकावर बसायचं, प्रश्नपत्रिका वाचायची, घरी जायचं. दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न तेवढा सोडवायचा. मग अर्धा पेपर, न तपासलेला. मग तपासलेला. एखाद्या पायरीवर अडलं तर तिथं चार दिवस थांबा, पण मागं येऊ देऊ नका.

पळण्याचे सभ्य प्रकारही असतात, ते आपल्याला अभ्यासच वाटतात. रंगीत पेनांनी वेळापत्रक करणं, ते मोडलं की नवं करणं. मोबाइलवर टॉपर कसे अभ्यास करतात त्याचे व्हिडिओ बघणं. आणि सगळ्यात मोठा प्रकार, तोच धडा पुन्हा पुन्हा वाचणं. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, म्हणून घाबरलेलं मूल वाचतच राहतं. पुस्तक मिटून आठवायला गेलं की काय येत नाही ते उघडं पडतं. रोएडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ मध्ये हे तपासून पाहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वारंवार वाचणारे पुढं होते. आठवड्यानं विचारलं तर न बघता आठवून लिहिणारे पुढं गेले. तेव्हा तुमच्या तासाची शेवटची दहा मिनिटं पुस्तकं मिटून आठवेल ते लिहायला द्या. गुण नकोत. चुकलं तर कोणी हसणार नाही अशी दहा मिनिटं मुलांना फारशी मिळतच नाहीत.

त्या मुलीसाठी, जिला येतं पण निसटतं, सगळ्यात उपयोगी पडते रंगीत तालीम. आपण परीक्षेचा अभ्यास घेतो, परीक्षेचा सराव घेत नाही. बोर्डाच्या दिवशी तिच्यासाठी काय काय नवं असतं ते मोजा: दुसऱ्या गावातलं केंद्र, अनोळखी पर्यवेक्षक, बाकावर खडूनं लिहिलेला बैठक क्रमांक, शेजारी दुसऱ्या शाळेचं मूल, गेटवर झडती. त्यातलं जितकं आधी जुनं करता येईल तितकं करा. शेजारच्या गावच्या शाळेशी बोला. तीन पेपर त्यांची मुलं तुमच्याकडं, तुमची त्यांच्याकडं. पर्यवेक्षक त्यांचे. सकाळचं सत्र ११ ला सुरू होतं, तर सरावही ११ लाच, साडेदहाला वर्गात. शेवटी मिळणारी जादा १० मिनिटंही सरावात द्या, नाहीतर मुलांना ती वापरताच येत नाहीत. आपल्याकडं मार्चमध्ये पत्र्याखालच्या खोलीत दुपारी काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. सराव तशाच खोलीत घ्या, पाण्याची बाटली कुठं ठेवायची हेसुद्धा ठरवा. आणि एकदा सगळ्यांना एसटीनं केंद्रावर नेऊन आणा. खोल्या, नळ, संडास बघून या. ही फेरी मला व्याख्यानांपेक्षा मोलाची वाटते. निम्म्या मुलींची खरी काळजी संडासाचीच निघते, आणि ती त्या कुठल्याही प्रश्नावलीत लिहीत नाहीत.

कोरं झालंच, तर त्या क्षणी काय करायचं तेही तालमीतच ठरवायला हवं. पेन खाली, दोन्ही तळपाय जमिनीला घट्ट, श्वास चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर, पाच वेळा. मग अडलेला प्रश्न सोडून जे येतं ते लिहायचं, साधी आकृती का असेना. हात चालू झाला की ओटा रिकामा होतो. पण हा श्वास रोज झोपताना केलेला असला तरच त्या दिवशी कामाला येतो. पेपरच्या सकाळी पहिल्यांदा शिकवलेला श्वास ही आणखी एक पिशवीच.

पेपरआधी मनातली काळजी दहा मिनिटं कागदावर लिहून काढायचा एक प्रयोग आहे. रामिरेझ आणि बायलॉक यांनी तो २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडला. जास्त घाबरणाऱ्या मुलांना त्याचा फायदा दिसला होता. मी करून पाहिलाय. काही मुली लिहून कागद फाडून टाकतात आणि हलक्या होऊन आत जातात. काही मुलं आणखी गुंततात. तालमीत करून बघा, ज्याला मानवेल त्याला ठेवा. आणि पेपर सुटल्यावर गेटबाहेर उत्तरं जुळवणं पूर्ण बंद. त्यावर मी कुठलाच अपवाद करत नाही.

वसतिगृहातल्या मुलांचं थोडं वेगळं. धडगाव, अक्कलकुव्याकडची मुलं मार्चच्या सुमारास गप्प होतात आणि आपण त्याला परीक्षेचं दडपण म्हणतो. कॅलेंडर बघा, होळी आलेली असते. काठी गावच्या राजवाडी होळीला सगळं गाव ढोल घेऊन जातं, आणि हे मूल इथं अंकगणिती श्रेढी सोडवत बसलेलं असतं. त्याला समजावू नका. अधीक्षकांशी बोलून आवारात होळी पेटवा, एक संध्याकाळ ढोल वाजू द्या.

पालकसभा घ्याल तेव्हा परीक्षेच्या ताणावर भाषण नको. मी दोनच गोष्टी मागते. एक, ‘तुझ्यासाठी कापूस पडत्या भावात विकला’ हे परीक्षा होईपर्यंत बोलायचं नाही. खरं असलं तरी. दोन, भाऊबंदांतल्या कोणाच्या पोराचे टक्के घरात काढायचे नाहीत. आया देव पाण्यात घालून बसतात. बसा म्हणावं, पण मुलाला दिसेल असे नको. त्या तांब्याकडं बघून पोराला वाटतं, आपली केस देवावर गेली.

मघाशी तिसरा गट म्हटलं, तो असा. ‘नापास झालीस तर उजवून टाकू’ हे घरात हसत म्हटलं जातं. मुलगी हसत नाही. तिची पेपरची भीती कुठल्याच श्वासानं जाणार नाही, कारण ती पेपरची नाहीच. एकांतात, शक्यतो एखाद्या शिक्षिकेला सोबत घेऊन, तिला विचारा की हे खरं आहे का. १८ वर्षांखालच्या मुलीचं लग्न २००६ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि खरंच तयारी चालली असेल तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला तुम्ही कळवू शकता. गावात वाईटपणा येईल. येतो, मला आलाय.

आणि जिथं आपण थांबायचं ते. दोन आठवडे झोप नाही, जेवण सुटलं, मित्रांत मिसळणं बंद, आवडती वस्तू वाटून टाकली, ‘मी नसलो तर बरं’ असं बोलणं किंवा लिहिणं, यातलं काहीही दिसलं तर वही-बिही बाजूला ठेवा आणि सरळ विचारा, ‘मरावंसं वाटतं का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. कोणीतरी विचारलं याचंच मुलाला हायसं वाटतं. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी पालकांना बोलवा, घरातली फवारणीची औषधं कुलपात किंवा घराबाहेर ठेवायला सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते, तिथं स्वतः सोबत जा. हे शिक्षकाचं एकट्यानं निस्तरायचं काम नाही. निकालाच्या दिवशीही शाळा उघडी ठेवा, दोघे-तिघे शिक्षक हजर राहा, आणि जे येणार नाहीत त्यांच्या घरी संध्याकाळपर्यंत फोन गेलाच पाहिजे. (हा ‘च’ मात्र राहू द्या.)

५४ मुलांना हे सगळं एकट्यानं जमणार नाही, हे मला कळतं. तालीम आणि दहा मिनिटांचं आठवणं सगळ्या वर्गाला. वहीचं पान आठ-दहा जणांना. एकांतातलं बोलणं दोघा-तिघांना. सोमवारी त्या मुलीपासून सुरुवात करा. निंबाखाली, घड्याळाशिवाय. तिला किती सोडवता आलं, आणि कुठल्या प्रश्नाशी तिचा हात थांबला, ते मला कळवा, म्हणजे पुढचं बोलू.